लेन्स फोकस कशी करायची? नवीन कॅमेरावाल्यांचे नेहमीचे प्रश्न

नवीन कॅमेरा आला, पहिले काही दिवस ऑटोवर मजेत गेले, आणि मग कॉम्प्युटरवर फोटो मोठा करून बघितला तर ताईचे डोळे धूसर आणि कानातला झुमका मात्र एकदम कडक. अशी मंडळी तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकाच जागी लिहून टाकतोय. उदाहरणं जास्त करून कॅनन १५००डी, निकॉन डी३५०० अशा सुरुवातीच्या डीएसएलआरची (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांची) आहेत, कारण बहुतेकांच्या हातात तेच असतात. मिररलेसमध्ये (बिनआरशाच्या कॅमेऱ्यांत) जिथे फरक पडतो तिथे वेगळं सांगितलंय.

फोकस करताना लेन्समध्ये नक्की होतं काय?

आतल्या काचा थोड्या मागेपुढे सरकतात, बास. त्यामुळे कॅमेऱ्यापासून एका ठराविक अंतरावरची वस्तू सेन्सरवर स्पष्ट उमटते. समजा तुमच्या समोर एक मोठी अदृश्य काच उभी आहे, ती काच तुम्ही रिंग फिरवून जवळ आणता किंवा लांब ढकलता, आणि जे जे त्या काचेला चिकटलेलं असेल ते शार्प. म्हणजे फोकस हा सगळा अंतराचा खेळ आहे, वस्तू फ्रेमच्या मधोमध आहे की कोपऱ्यात याच्याशी त्याचा संबंध नाही. अजून एक, लेन्सवर दोन रिंगा असतात, रुंद असते ती बहुतेक वेळा झूमची आणि बारीक असते ती फोकसची. झूम फिरवून "फोकस केला" म्हणणारे बरेच भेटतात, दोन्ही कामं वेगळी आहेत.

मग एवढंच शार्प आणि मागचं पुढचं ब्लर, हे कशावर ठरतं?

तीन गोष्टी: अॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र, एफ/ पुढचा आकडा लहान तेवढं ते मोठं) किती उघडं आहे, वस्तू किती जवळ आहे, आणि लेन्स किती मिलिमीटरची आहे. हवेत बोलण्यापेक्षा आकडेच देतो. १५००डी किंवा डी३५०० वर ५० एमएम लेन्स लावली, माणूस दीड मीटरवर उभा केला आणि एफ/१.८ ठेवलं, तर पुढेमागे मिळून साधारण ६ सेंटिमीटर एवढाच पट्टा शार्प येतो. डोळ्यावर फोकस असेल तर कान गेलाच म्हणून समजा. तोच माणूस, तेच अंतर, एफ/८ केलं की पट्टा साधारण २७ सेंटिमीटर होतो, म्हणजे अख्खं डोकं आरामात बसतं. आणि एफ/१.८ वरच अजून पुढे सरकून १ मीटरवर आलात तर तीन सेंटिमीटरसुद्धा मिळत नाहीत.

म्हणून ५० एमएम एफ/१.८ नवीन घेतलेल्या माणसाचे फोटो अचानक बिघडतात. किट लेन्सवर (कॅमेऱ्याबरोबर येते ती) एफ/५.६ ला चुका झाकल्या जात होत्या, आता झाकल्या जात नाहीत. लेन्सला दोष देऊ नका, आधी एफ/२.८ किंवा एफ/४ वर हात बसवा, बॅकग्राउंड तरीही छान ब्लर होतं.

बटण अर्धं दाबायचं म्हणजे नेमकं किती?

शटरच्या बटणाला दोन टप्पे असतात. बोट हलकं दाबलं की एका जागी बटण किंचित अडल्यासारखं वाटतं, तिथेच थांबायचं. तेव्हा कॅमेरा फोकस करतो, व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून बघायची खिडकी) खालच्या पट्टीत ठिपका स्थिर होतो (कॅनन, निकॉन दोन्हीकडे हिरवा), बीप चालू असेल तर आवाज येतो. मग बोट न उचलता पूर्ण दाबायचं. मोबाईलवरून आलेली माणसं एकदम खटकन दाबतात, त्यात कॅमेऱ्याला फोकस करायला वेळच मिळत नाही आणि हात हलतो तो वेगळाच.

कॅमेरा नेहमी चुकीच्याच गोष्टीवर फोकस करतो, काय करू?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि खरं सांगायचं तर कॅमेरा चुकत नसतो, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. ऑटो एरियामध्ये फोकसचे सगळे पॉइंट चालू असतात (१५००डी मध्ये ९, डी३५०० मध्ये ११) आणि कॅमेरा साधारणपणे त्यातली सगळ्यात जवळची आणि ठळक वस्तू धरतो. तुम्ही खिडकीच्या गजातून अंगणातल्या पोराचा फोटो काढताय, कॅमेऱ्याला काय माहीत की गज नकोय आणि पोरगा हवाय?

उपाय एकच, सिंगल पॉइंट. मेनूत किंवा क्विक स्क्रीनवर एएफ (म्हणजे ऑटोफोकस) एरिया शोधा, निकॉनवर सिंगल पॉइंट निवडा, कॅननवर एएफ पॉइंट सिलेक्शनचं बटण दाबून सगळ्यांऐवजी एकच पॉइंट पेटलेला ठेवा. हे वरच्या चकतीवरच्या पी, ए किंवा एव्ही, एस किंवा टीव्ही आणि एम या मोडमध्ये होतं, हिरव्या फुल ऑटोमध्ये कॅमेरा तुम्हाला बहुतेक करून निवडूच देत नाही. मग तो एक पॉइंट बरोबर हव्या त्या जागी ठेवायचा. माणूस असेल तर कॅमेऱ्याच्या जवळचा डोळा. पक्षी असेल तरी डोळा. देवळातली समई असेल तर ज्योतीवर नको, ज्योत हलते आणि भगभगीत असते, त्याऐवजी समईच्या पितळी कडेवर जिथे उजेड आणि अंधाराची रेघ दिसते तिथे ठेवा.

रेघ हा शब्द मुद्दाम वापरलाय. ऑटोफोकसला कॉन्ट्रास्ट लागतो, म्हणजे गडद आणि फिकट यांच्यामधली कड. कोऱ्या भिंतीवर, निळ्या आकाशावर, एकरंगी साडीच्या मधल्या सपाट भागावर तो चाचपडत बसतो. त्याच साडीच्या काठावर पॉइंट न्या, लगेच लॉक.

त्यात पुन्हा एक बारीक भानगड आहे. या सुरुवातीच्या कॅमेऱ्यांत फक्त मधला पॉइंट क्रॉस टाइप असतो, म्हणजे त्याला उभ्या आणि आडव्या दोन्ही रेघा कळतात, बाकीच्यांना एकाच दिशेच्या. त्यामुळे बंद दुकानाचं पत्र्याचं शटर, ज्याला नुसत्या आडव्या रेघा असतात, त्यावर कडेचा एखादा पॉइंट अडकतो आणि बाजूचा पटकन लागतो. असं झालं तर कॅमेरा उभा धरून लॉक करा किंवा सरळ मधला पॉइंट वापरा. अंधार असेल तेव्हा तर मधलाच.

मधल्या पॉइंटने फोकस करून मग फ्रेम सरकवली तर चालतं का?

चालतं की, वर्षानुवर्षं लोक तेच करतात. अर्धं बटण दाबून ठेवायचं, फ्रेम हवी तशी करायची, मग पूर्ण दाबायचं. फक्त एफ/१.८ सारखं उघडं अॅपर्चर आणि माणूस अगदी जवळ असं असेल तर कॅमेरा फिरवताना ती शार्प पातळी पण फिरते आणि डोळ्याच्या थोडी मागे जाते. तिथे पॉइंटच डोळ्यावर नेणं बरं. एफ/५.६ च्या पुढे याचा फारसा विचार करू नका. आणि हो, फोकस लॉक केल्यावर तुम्ही स्वतः पुढेमागे झुललात तर फोकस गेला, हे फार जणांचं होतं, पाय घट्ट रोवून उभे राहा.

वन शॉट, एआय सर्वो, एएफ-एस, एएफ-सी... काय निवडू?

वस्तू एका जागी आहे: कॅननवर वन शॉट, निकॉन आणि सोनीवर एएफ-एस. एकदा फोकस लागला की अर्धं बटण धरेपर्यंत तिथेच अडकून राहतो.

वस्तू हलतेय: कॅननवर एआय सर्वो, बाकीच्यांत एएफ-सी. अर्धं बटण धरलं की कॅमेरा सतत फोकस बदलत राहतो. वारीतलं रिंगण, त्यात धावणारा अश्व, भिगवणला पाण्यावरून उडणारे फ्लेमिंगो, गल्लीतलं क्रिकेट, घरातलं दोन वर्षांचं पोर (हे सगळ्यात अवघड), सगळं यात. मात्र या मोडमध्ये वरची फ्रेम सरकवण्याची युक्ती चालत नाही, कारण पॉइंट माणसावरून बाजूला गेला की कॅमेरा इमानदारीत मागच्या झाडावर फोकस करतो.

तिसरा एक असतो, एआय फोकस किंवा एएफ-ए, ज्यात कॅमेरा स्वतः ठरवतो की वस्तू हलतेय की नाही. मी कुणाला सुचवत नाही, ऐन वेळी तो काय ठरवेल सांगता येत नाही.

निकॉनवाल्यांसाठी: लेन्सवर एएफ-एस लिहिलेलं असतं ते लेन्समधल्या मोटरबद्दल आहे, मेनूतलं एएफ-एस हे फोकस मोडबद्दल. एएफ-एस लेन्सवर एएफ-सी मोड बिनधास्त चालतो.

लेन्स घुर्र घुर्र करत पुढेमागे जाते आणि शटरच पडत नाही. बिघडली का?

बहुधा नाही. वन शॉट किंवा एएफ-एस मोडमध्ये फोकस लागल्याशिवाय कॅमेरा फोटो काढू देत नाही. कारणं सहसा हीच:

तुम्ही फार जवळ गेलात. प्रत्येक लेन्सचं एक किमान अंतर असतं, कॅनन ५० एमएम एफ/१.८ एसटीएमचं ३५ सेंटिमीटर, निकॉन ५० एमएम एफ/१.८जी चं ४५. हे अंतर सेन्सरपासून मोजतात, लेन्सच्या टोकापासून नाही, कॅमेऱ्याच्या वर गोलावर आडवी रेघ असलेली खूण असते तिथून. एक पाऊल मागे या, लागेल.

किंवा अंधार आहे. किंवा समोर सपाट रंग आहे. किंवा मधे काहीतरी उडतंय, विसर्जनाच्या मिरवणुकीत गुलाल उधळला की ऑटोफोकस त्या ढगालाच पकडायला बघतो, पावसाळ्यात घाटातल्या धुक्यात पण तेच. अशा वेळी ढोलाच्या कडेवर, ताशाच्या पट्ट्यावर फोकस घ्या, आणि मग मॅन्युअलवर टाकून त्याच अंतरावर उभे राहून काढत राहा.

फोटो धूसर आला. फोकस चुकला की हात हलला, कसं ओळखू?

फोटो पूर्ण झूम करून बघा. फ्रेममध्ये दुसरं काहीतरी शार्प आहे का? मागची भिंत किंवा पुढचं पान कडक असेल तर फोकस चुकलाय. काहीच शार्प नाही आणि प्रत्येक गोष्टीला एकाच दिशेला शेपूट आल्यासारखं दिसतंय तर हात हलला. भिंत शार्प, चेहरा शार्प, पण हात फराटल्यासारखा, तर माणूस हलला. तिन्हींची औषधं वेगळी आहेत. हात हलण्यासाठी साधा नियम, शटर स्पीडचा खालचा आकडा लेन्सच्या मिलिमीटरपेक्षा कमी नको, आणि १५००डी, डी३५०० सारख्या छोट्या सेन्सरवर दीडपट धरा, म्हणजे ५० एमएमला १/८० च्या आसपास, २०० एमएमला १/३२०. लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन (हाताचा थरथराट सावरणारी सोय) असेल तर यापेक्षा खाली जाता येतं, पण माणूस हलत असेल तर स्टॅबिलायझेशन त्याला काही करू शकत नाही. घरात ट्यूबलाइटखाली काढलेल्या ज्या फोटोंना लोक "फोकस नाही लागला" म्हणतात ते बघितले तर बरेचसे हलल्याचेच निघतात.

व्ह्यूफाइंडरमधून बघितलं की सगळंच धूसर दिसतं, फोटो मात्र नीट येतो?

व्ह्यूफाइंडरच्या बाजूला एक छोटी चकती किंवा घुंडी आहे, डायॉप्टर म्हणतात. लेन्सकडे बघू नका, आत खाली जे आकडे दिसतात ते स्पष्ट होईपर्यंत ती फिरवा. चष्मा लावून काढणार असाल तर चष्मा लावूनच फिरवा. बॅगेत घासून ही आपोआप फिरते, त्यामुळे अचानक असं झालं तर घाबरू नका.

मॅन्युअल फोकस शिकायलाच पाहिजे का? जुने लोक तर डोळ्यांनीच करायचे.

करायचे, कारण पर्याय नव्हता. कॅमेऱ्याच्या आतच ऑटोफोकसची यंत्रणा असलेला आणि बाजारात खऱ्या अर्थाने चाललेला पहिला एसएलआर म्हणजे मिनोल्टाचा ७०००, तो १९८५ चा, आणि कॅननची ईओएस मालिका १९८७ ला आली. त्याआधीच्या बऱ्याच एसएलआरमध्ये मधोमध एक गोल असायचा ज्यात चित्र दोन तुकड्यांत दिसायचं, रिंग फिरवून तुकडे जुळले की फोकस बरोबर. आजच्या डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये ते नसतं, शिवाय तिथे एफ/१.८ चा खरा ब्लर डोळ्याला नीट कळतही नाही. म्हणून जुन्या लोकांशी तुलना करून वाईट वाटून घेऊ नका, हत्यारच वेगळं होतं.

आज करायचं असेल तर असं: लेन्सवरचा स्विच एमएफवर (काही लेन्सवर स्विच नसतो, मेनूत बदलावं लागतं), लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर चित्र बघणं) चालू, भिंगाचं बटण दाबून स्क्रीनवर तो भाग मोठा करा, आणि रिंग हळू फिरवा. शार्प दिसलं की थांबू नका, थोडं पुढे जाऊ द्या म्हणजे परत धूसर होईल, मग उलटं फिरवून मधल्या जागी आणा. मिररलेसमध्ये फोकस पीकिंग असतं, शार्प कडांवर रंगीत रेघा येतात, सोयीचं आहे पण एफ/१.८ ला तेवढ्यावर विसंबू नका, मोठं करून बघाच.

एक सावधगिरी, साध्या जुन्या किट लेन्समध्ये स्विच एएफवर असताना रिंग जोर लावून फिरवू नका, आतली गिअर खराब होऊ शकते. आणि एसटीएम लेन्सची रिंग कॅमेरा बंद असताना फिरवली तर काहीच होत नाही, ती मोटरवर चालते.

गडावरून दरीचा फोटो काढला, जवळचा बुरूज आणि लांबचे डोंगर दोन्ही शार्प हवेत. फोकस कुठे?

१८ एमएम, एफ/८, आणि साधारण सव्वादोन मीटरवरच्या दगडावर फोकस. जवळपास सव्वा मीटरपासून ते क्षितिजापर्यंत सगळं चालण्यासारखं शार्प येतं. डोंगरावर फोकस करायची बऱ्याच जणांना सवय असते, त्यात पुढचा बुरूज उगाच मऊ पडतो. सगळं शार्प करायच्या नादात एफ/२२ मात्र करू नका, एवढ्या बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो आणि अख्खा फोटोच जरा मऊ होतो.

काजवे आणि तारे यांच्यावर ऑटोफोकस लागतच नाही.

लागणार पण नाही, मॅन्युअलच. ताऱ्यांसाठी लाइव्ह व्ह्यूमध्ये सगळ्यात तेजस्वी ठिपका शोधा, शुक्र किंवा गुरू वर असेल तर उत्तम, दहापट मोठा करा आणि ठिपका लहानात लहान होईल तिथे रिंग थांबवा. लेन्सवर अनंताची खूण असली तरी रिंग त्याच्याही पुढे फिरते, तेव्हा "शेवटपर्यंत फिरवली" म्हणजे फोकस झाला असं नाही. नंतर रिंगवर चिकटपट्टी मारा आणि झूमला हात लावू नका, झूम बदलला की बहुतेक लेन्सचा फोकस सरकतो.

काजव्यांचं वेगळं. मे अखेर ते जून, भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या बाजूला लोक जातात, तिथे दिवस असतानाच पोचा. ज्या झाडावर काजवे येतात असं गावकरी सांगतील त्या झाडावर उजेडात ऑटोने फोकस घ्या, लगेच एमएफवर टाका, ट्रायपॉड हलवू नका, मग अंधार पडेपर्यंत भाकरी खाऊन घ्या. फोकसला मदत करणारा दिवा मेनूतून बंद करा. कॅननच्या सुरुवातीच्या डीएसएलआरमध्ये वेगळा दिवा नसतो, त्याऐवजी फ्लॅशच फडफडतो, तो तर नक्कीच बंद. काजवे एकमेकांना उजेडाने खुणावत असतात, तुमची टॉर्च आणि फ्लॅश त्यात अडथळा आणतात, आणि शेजारी ३० सेकंदांचं एक्सपोजर लावून बसलेला माणूस तुम्हाला जे बोलेल ते रास्तच असेल.

कासच्या फुलांचे क्लोजअप शार्प येत नाहीत.

वारा. पठारावर फूल हलत राहतं आणि एवढ्या जवळून शार्प पट्टा काही मिलिमीटरचाच असतो. किट लेन्स ५५ वर, एफ/८, शटर १/५०० च्या वर, लेन्स जवळात जवळच्या अंतरावर एमएफने ठेवून द्या आणि रिंग फिरवण्याऐवजी स्वतः अगदी किंचित पुढेमागे होत चार-पाच फोटोंची रांग काढा, एक तरी जमतो. फक्त मागे सरकताना पायाखाली काय आहे ते बघा.

बॅक बटण फोकस म्हणतात ते काय?

शटरचं बटण फक्त फोटो काढणार, फोकस मागच्या बाजूच्या बटणाने अंगठ्याने करायचा. निकॉन डी३५०० वर एई-एल/एएफ-एल बटणाला मेनूतून एएफ-ऑन करा, कॅननवर चांदणीच्या बटणाला कस्टम फंक्शनमधून. फायदा असा की एएफ-सी कायम चालू ठेवता येतं, अंगठा धरला की सतत फोकस, सोडला की लॉक. पक्षी काढणारे बहुतेक जण यावरच असतात. पण पहिल्या महिन्यात नको, आधी अर्धं बटण जमू दे. आणि तुमचा कॅमेरा घरात दुसरं कुणी वापरत असेल तर सांगून ठेवा, नाहीतर लग्नात मामा शटर दाबत राहतील आणि अख्ख्या अल्बमला फोकस नसेल.

सेकंडहँड लेन्स घेतली, माझ्या निकॉनवर ऑटोफोकसच होत नाही.

लेन्सवर एएफ-डी किंवा नुसतं एएफ लिहिलंय का बघा. अशा लेन्समध्ये मोटर नसते, ती बॉडीमधल्या, म्हणजे कॅमेऱ्यातल्या, मोटरवर चालते, आणि डी३०००, डी५००० या मालिकांच्या बॉडीत मोटरच नाही. लेन्स चांगली आहे, मॅन्युअलवर चालेल, डी७००० मालिकेवर ऑटो पण होईल. घेताना विचारायला हवं होतं असं आता म्हणण्यात अर्थ नाही, पण पुढच्या वेळी स्वतःची बॉडी दुकानात घेऊनच जा.

सगळं बरोबर करूनही फोकस कायम थोडा मागेच जातो. लेन्समध्येच खोट असेल का?

असू शकते, पण तपासून मग बोला. टेबलावर मोजपट्टी तिरकी, साधारण ४५ अंशांत ठेवा, मधल्या आकड्याशेजारी एखादी सपाट खोकी उभी करा, कॅमेरा ट्रायपॉडवर, अॅपर्चर पूर्ण उघडं, सिंगल पॉइंटने खोक्यावर फोकस. काही फोटो काढा, दर वेळी फोकस मुद्दाम बिघडवून नव्याने लावा. पट्टीवर प्रत्येक वेळी खोक्याच्या मागचेच आकडे शार्प असतील तर बॅक फोकस आहे. आता तेच लाइव्ह व्ह्यूमध्ये करा, तिथे बरोबर आलं तर लेन्सची काच ठीक आहे, व्ह्यूफाइंडरचा फोकस सेन्सर आणि लेन्स यांचं जमत नाही एवढंच. वरच्या दर्जाच्या बॉडींमध्ये हे मेनूतून दुरुस्त करता येतं, १५००डी आणि डी३५०० मध्ये ती सोय नाही, सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं. दर वेळी वेगवेगळं येत असेल, कधी पुढे कधी मागे, तर खोट शक्यतो तंत्रात आहे.

मिररलेस घेतला की हा सगळा त्रास संपतो?

बराचसा. तिथे फोकस थेट सेन्सरवरच मोजला जातो त्यामुळे वरचा बॅक फोकसचा प्रकार राहत नाही, आणि डोळा ओळखणारा फोकस खरंच कमाल आहे, माणसांच्या फोटोंसाठी तर चालूच ठेवा. पण ग्रुप फोटोत तो कुणाचा डोळा धरेल, गजाआडून, झाडाच्या फांद्यांतून काय करेल, हे तुम्हालाच बघावं लागतं. तिथे परत सिंगल पॉइंटच.

मोबाईलवर?

हव्या त्या जागी बोट टेकवा. बोट दाबून धरलं की बऱ्याच फोनमध्ये फोकस लॉक होतो.

सराव कसा करू?

गॅलरीच्या कठड्यावर तीन कप ठेवा, एकामागे एक, मधे वीतभर अंतर. ५० एमएम असेल तर एफ/१.८, नाहीतर किट लेन्स ५५ वर आणि जवळून. पहिल्या कपाच्या कानावर फोकस घेऊन फोटो, मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या, दर वेळी पॉइंट हलवून. डोळा व्ह्यूफाइंडरवरून न काढता अंगठ्याने पॉइंट हलवता आला पाहिजे, तोपर्यंत करत राहा. हे जमलं की रस्त्यावर जा आणि तुमच्याकडे येणाऱ्या सायकली एएफ-सीवर धरा. पुढचं चाक नाही, सायकलवाल्याचा चेहरा.

पावसात बाहेर आलो की सगळे फोटो दुधाळ येतात, फोकस लागतोय तरी.

हा फोकसचा प्रश्नच नाही. एसीच्या गाडीतून किंवा खोलीतून थंडगार लेन्स दमट हवेत आणली की काचेवर बाष्प धरतं. कॅमेरा बॅगेतच ठेवून बॅग बाहेर अर्धा तास राहू द्या, मग उघडा. काच पुसत बसू नका, परत धरतंच. आणि पावसाळ्यातून घरी आल्यावर लेन्स ओलसर बॅगेत बंद करून ठेवू नका, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, कारण आत बुरशी धरली की साफसफाईचा खर्च कधीकधी किट लेन्सच्या किमतीएवढा येतो.